हॉलसाठी कमी बजेटमध्ये सराउंड स्पीकर: कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नात्यातल्या, गल्लीतल्या आणि कामावरच्या बऱ्याच जणांच्या घरी मी स्पीकर लावून दिलेत, आणि प्रत्येक घरात थोडेफार तेच प्रश्न येतात. फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतोय. हे सगळं साध्या घरातल्या साध्या हॉलसाठी आहे, १० बाय १२ ते १२ बाय १६ फुटांच्या, जिथं टीव्ही, सोफा, दिवाण, पोरांची सायकल आणि कधीकधी देव्हारापण एकाच खोलीत असतोय.

डॉल्बी घरात लावला तर शेजारी भांडायला येतील की?

हा प्रश्न कोल्हापुरातच येतो, कारण आपल्याकडं डॉल्बी म्हटलं की मिरवणुकीतली ट्रॅक्टरवरची स्पीकरची भिंत डोळ्यासमोर येते. त्या भिंतीचा आणि डब्यावर लिहिलेल्या डॉल्बीचा काही संबंध नाही. रे डॉल्बी नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं १९६५ मध्ये कंपनी काढली, तिचं पहिलं काम टेपवरची खरखर कमी करायचं होतं, म्हणजे गोंगाट वाढवायचं नव्हे तर घालवायचं. टीव्हीवर किंवा ॲपमध्ये डॉल्बी डिजिटल लिहिलेलं असतं ते आवाज साठवायची आणि वेगवेगळ्या स्पीकरांना वाटून द्यायची पद्धत आहे, तिचा मोठ्या आवाजाशी काही संबंध नाही. नीट लावलेला सेट उलट कमी आवाजात स्पष्ट ऐकू येतो, त्यामुळं शेजाऱ्यांना टीव्हीच्याच मूळ स्पीकरपेक्षा कमी त्रास होतो असं मी दोन-तीन घरांत बघितलंय.

५.१ म्हणजे नक्की काय?

पाच स्पीकर आणि एक सबवूफर. समोर डावा, समोर उजवा, मधोमध टीव्हीखाली सेंटर, आणि बसायच्या जागेच्या दोन्ही अंगांना, किंचित मागं, दोन सराउंड. तो पॉइंट एक म्हणजे सबवूफर, त्याला फक्त खालचा जाड आवाज जातो म्हणून तो पूर्ण आकड्यात धरत नाहीत. थिएटरात डॉल्बी डिजिटल १९९२ पासून हेच करत आलंय. ७.१ मध्ये मागं अजून दोन स्पीकर येतात, आपल्या हॉलला त्याची गरज नाही, तो पैसा दुसरीकडं लावा.

बोलणं ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवतो, मग मारामारी आली की सगळं घर हलतं. हे का होतंय?

हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि माझ्या मते स्पीकर घ्यायचं खरं कारणपण हेच असायला पाहिजे. मागून हेलिकॉप्टर जाणं वगैरे मजा आहेच, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वाक्य समजत नसेल आणि ते उठून आत जाऊन पडत असतील तर ३० हजाराचा सेट घेऊन काय केलं आपण? मराठीतला पहिला बोलपट १९३२ साली आला तो कोल्हापूरच्या प्रभात कंपनीचा, आणि लोकांना तेव्हा अप्रूप वाटलं असणार ते पडद्यावरचं माणूस बोलतंय याचंच. आजही घरात बसून बघताना तेच आधी लागतं.

कारण असं आहे. आताचे टीव्ही पातळ, त्यांचे स्पीकर छोटे आणि बहुतेक वेळा खाली किंवा मागं तोंड करून बसवलेले, म्हणजे आवाज आधी भिंतीवर आपटतो आणि मग तुमच्याकडं येतो. दुसरं म्हणजे सिनेमाचा आवाज थिएटरसाठी मिसळलेला असतो, त्यात हळू आणि मोठा यातलं अंतर लय असतंय. आणि ५.१ मध्ये प्रत्येक स्पीकरला जाणारा वेगळा आवाज असतो, त्याला चॅनेल म्हणतात, आणि संवाद जवळजवळ सगळे सेंटर चॅनेलमध्ये असतात. टीव्हीला दोनच स्पीकर असले की तो सेंटर डाव्या-उजव्यात मिसळून टाकला जातो आणि त्यावर म्युझिक, पाऊस, गाड्या सगळं येऊन बसतं.

माझी आत्या कसबा बावड्यात राहते, वय सत्तरच्या पुढं. तिच्याकडं सेट होता पण "मला काय कळतच नाही कोण काय बोलतंय" हे रोजचं. जाऊन बघितलं तर सेंटर स्पीकर शोकेसच्या कप्प्यात आत ढकललेला, पुढं फोटो फ्रेम आणि फुलदाणी. तो कप्प्याच्या कडेपर्यंत पुढं ओढला, खाली रबराचे दोन तुकडे घालून तोंड किंचित वर तिच्या कानाकडं केलं, आणि सेटिंगमध्ये सेंटरची लेव्हल ३ डेसिबल वाढवली. एक रुपया खर्च नाही. ती त्या संध्याकाळी मालिका संपेपर्यंत जागची हलली नाही आणि मला दोनदा सांगितलं की बाळा आता सगळं समजतंय.

म्हणून नवीन काही घ्यायच्या आधी हे करून बघा, आणि नवीन घेणार असाल तर सेंटर चांगला घ्या.

२५-३० हजार आहेत. कशावर किती घालू?

आधी दोन-तीन हजार बाजूला काढा, वायर, स्टँड, खिळे, स्पाइक गार्ड यासाठी, कारण हा खर्च सगळे विसरतात आणि मग मागचे स्पीकर महिनाभर डब्यातच राहतात. उरलेल्यात समोरचे तीन स्पीकर आणि रिसीव्हर, म्हणजे टीव्हीचा आवाज घेऊन सगळ्या स्पीकरांना वाटून देणारा ॲम्प्लिफायरचा डबा, यावर जास्तीत जास्त घाला. मागच्या दोघांना काम कमी असतं, पावसाचा आवाज, गर्दी, पाखरं, एखादी गाडी जाणं, त्यामुळं ते छोटे आणि स्वस्त चालतात. सबवूफर नंतर घेतला तरी चालतो.

टप्प्याटप्प्यानं घ्यायला अजिबात लाजू नका. पहिल्या वर्षी रिसीव्हर आणि समोरचे दोन, दिवाळीला सेंटर, पुढच्या वर्षी मागचे आणि सबवूफर. फक्त एक पाळा, समोरचे तिघं एकाच कंपनीचे आणि एकाच सिरीजचे घ्या, नाहीतर गाडी डावीकडून उजवीकडं जाताना मधेच तिचा आवाज बदलतो आणि ते लगेच कानाला लागतं. आणि डावा-उजवा घेतानाच त्या सिरीजचा सेंटर बाजारात आहे का ते विचारून ठेवा.

सेंटर नाही घेतला, नुसते दोन चांगले स्पीकर घेतले तर?

एकटा माणूस बरोबर मधोमध बसून बघणार असेल तर उत्तम. दोन्ही स्पीकरमधून सारखा आवाज आला की मेंदूला तो मधून आल्यासारखा वाटतो. पण फॅमिलीत मधली जागा एकच असते. दिवाणाच्या टोकाला बसलेल्या आईला सगळं बोलणं तिच्या जवळच्या स्पीकरमधून येतंय असं वाटतं, आणि खाली चटईवर पोरं असतात त्यांना अजून वेगळं. खरा सेंटर असला की कुठंही बसा, बोलणं टीव्हीतूनच येतं. तरी पैसे कमीच असतील तर पाच भंगार स्पीकर घेण्यापेक्षा दोन बरे स्पीकर घ्या, हे मी कधीही म्हणेन.

साउंडबारवाला तयार सेट की वेगळा रिसीव्हर आणि स्पीकर?

भाड्याचं घर असेल, कपाटात जागा नसेल, घरात कोणाला सेटिंगच्या भानगडीत पडायचं नसेल तर मागचे दोन खरे स्पीकर आणि सबवूफर सोबत येणारा साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायची लांब स्पीकरची पट्टी, घ्या. नुसत्या एका पट्टीवर "सराउंड" लिहिलेलं असेल तर ते भिंतीवरून आवाज परतवून केलेलं असतं, एका बाजूला बाल्कनी आणि दुसऱ्या बाजूला उघडं किचन असलेल्या आपल्या हॉलमध्ये परतायला भिंतच नसते, त्यामुळं ते जमत नाही.

स्वतःचं घर असेल आणि पुढं वाढवायचं असेल तर रिसीव्हर. त्यात एखादा स्पीकर गेला तर तेवढाच बदलता येतो. साउंडबारमध्ये बऱ्याच वेळा सगळं ॲम्प्लिफायरचं काम सबवूफरच्या डब्यात असतं, तो डबा गेला की सगळाच सेट मुका.

दुकानदार १००० वॅट म्हणतोय, चांगला असेल ना?

डब्यावर पीएमपीओ, म्हणजे क्षणभराचा फुगवलेला वॅटचा आकडा, लिहिलं असेल तर तो आकडा बघूच नका, त्याला काही अर्थ नाही. आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे खरे वॅट, बघा, आणि तोपण एका चॅनेलचा आहे की सगळ्यांची बेरीज आहे ते विचारा. साधा ८८ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर एका वॅटमध्ये एक मीटरवर ८८ डेसिबल आवाज देतो, म्हणजे चांगलाच मोठा. वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात, आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. त्यामुळं ५० आणि ७० वॅटमधला फरक तुम्हाला ऐकूसुद्धा येणार नाही. आपल्या हॉलला चॅनेलमागं खरे ४०-५० वॅट भरपूर झाले. ओहम, म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो तो आकडा, मात्र बघा, रिसीव्हर ६ ते ८ ओहम म्हणत असेल तर त्याला ४ ओहमचे स्पीकर जोडू नका, तापतो.

आमचा सोफा मागच्या भिंतीला टेकलाय. मागचे स्पीकर कुठं लावू?

दहातल्या आठ घरांत हेच असतंय, त्यामुळं टेन्शन घेऊ नका. ५.१ मध्ये त्या स्पीकरांची जागा सरळ पाठीमागं नसतेच. तुम्ही टीव्हीकडं तोंड करून बसलात, टीव्ही म्हणजे शून्य अंश धरलं, तर सराउंडची जागा ११० ते १२० अंशांवर, म्हणजे खांद्याच्या रेषेपासून जरा मागं. सोफा भिंतीला असेल तर ९० अंशांवर, बरोबर बाजूला, लावले तरी काम होतं. बाजूच्या भिंतीवर, बसल्यावर कान जिथं येतो त्याच्या दीड-दोन फूट वर लावा, म्हणजे टोकाला बसलेल्या माणसाच्या थेट कानात ओरडणार नाहीत. सोफा अर्धा-एक फूट जरी पुढं ओढता आला तर ओढा, भिंतीला डोकं टेकवून बसलं की बास, म्हणजे खालचा जाड आवाज, उगाच फुगतो.

एका बाजूला भिंतच नाही, किचनचं ओपनिंग आहे, असं असेल तर तिथं स्टँड. रेडिमेड स्टँड महाग पडतात. शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याला चौकोनी पाइप, खाली जाड प्लेट आणि वर छोटी प्लेट एवढं चित्र काढून दिलं की तो करून देतो, मी माझे तसेच केलेत. पाइपात कोरडी वाळू भरून वरून बंद करा, मग स्टँड झणझणत नाही आणि पोरानं धक्का दिला तरी लगेच पडत नाही.

समोरच्या दोघांचं गणित सोपं आहे. टीव्हीपासून ९ फुटांवर बसत असाल तर डाव्या-उजव्यात साडेसात ते १० फूट अंतर ठेवा आणि तोंड जरा आत, बसायच्या जागेकडं. टीव्ही युनिटमध्ये दोन्ही बाजूंना चिकटून ठेवले तर पाच स्पीकर असूनपण आवाज डबीतून आल्यासारखा येतो.

सबवूफर कोपऱ्यात ठेवू का?

कोपऱ्यात आवाज सगळ्यात जास्त येतो पण चांगला येईलच असं नाही. १२ फुटांच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा आवाज दोन भिंतींमध्ये घुमत राहतो, एका जागी तो दणदण वाजतो आणि दोन पावलांवर गायबच होतो. यावर जुना आणि हमखास उपाय आहे. सबवूफर उचलून तुम्ही जिथं बसता तिथं, सोफ्यावर ठेवा, बासचं एखादं ओळखीचं गाणं लावा आणि तुम्ही भिंतीकडेनं गुडघ्यावर रांगत फिरा. जिथं बास एकसारखा आणि स्वच्छ ऐकू येईल तिथं सबवूफर ठेवायचा. घरातले बघत राहतात, पण दहा मिनिटांत हे काम होतं आणि कुठल्याही महागड्या वस्तूनं होणार नाही एवढा फरक पडतो. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबवूफरला जातो ती हद्द, ८० हर्ट्झपासून सुरू करा, स्पीकर अगदीच तळहाताएवढे असतील तर १२० वगैरे. खाली फ्लॅट असेल तर सबवूफरखाली जाड रबर किंवा फोम घाला.

आमचा हॉल घुमतो, टाळी वाजवली तरी आवाज परत येतो.

खाली फरशी, भिंती उघड्या, खिडकीला पातळ पडदा, मग घुमणारच. पहिला पैसा पडद्यावर घाला, जाड आणि चुण्या असलेला. जमिनीवर टीव्ही आणि सोफ्याच्या मधल्या जागेत सतरंजी किंवा गालिचा. आणि आपल्याकडं घोंगडं मिळतं की, जाड लोकरीचं! समोरच्या किंवा मागच्या भिंतीवर, भिंतीपासून दोन बोटं अंतर सोडून टांगलं तर वरचा कर्कश आवाज चांगला शोषला जातो आणि दिसतंपण देखणं. जाड बासवर मात्र याचा परिणाम होत नाही, त्याला सबवूफरची जागाच बदलायला लागते. पुस्तकांनी भरलेलं कपाट, कापडी सोफा, सगळं उपयोगी पडतं.

वायरलेस मागचे स्पीकर घेतले तर वायरची कटकट संपेल?

निम्मी संपेल. त्यांना सिग्नलची वायर नसते पण लाइटची लागतेच, म्हणजे मागच्या भिंतीवर प्लग पॉइंट हवा. नसेल तर साधी स्पीकर वायर पट्टीतून कडेनं नेणं जास्त स्वस्त. १६ गेजची, शुद्ध तांब्याची घ्या. स्वस्त वायरीत ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो, टोक चाकूनं खरवडलं की आत पांढरं दिसतं. प्लस प्लसला, मायनस मायनसला जोडा, एक जरी उलटा झाला तरी आवाज पोकळ होतो आणि चूक कुठं झाली ते लवकर सापडत नाही. घराचं काम चालू असेल तर आत्ताच भिंतीतून पाइप टाकून घ्या.

सगळं जोडलं पण मागचे स्पीकर वाजतच नाहीत. सेट खराब आहे का?

बहुतेक वेळा सेट ठीक असतो, टीव्हीच नुसता स्टिरिओ, म्हणजे डाव्या-उजव्याचाच आवाज, पाठवत असतो. टीव्हीच्या ज्या एचडीएमआय पोर्टवर एआरसी किंवा ईएआरसी (टीव्हीचा आवाज सेटकडं परत पाठवायची सोय) लिहिलंय त्यातच वायर घाला, दुसऱ्यात घातली तर टीव्हीचा आवाज सेटकडं जात नाही. मग टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये आउटपुट पीसीएमवर (यात बहुतेक वेळा दोनच चॅनेल जातात) असेल तर ते बिटस्ट्रीम (आवाज आहे तसाच सेटकडं जातो), ऑटो किंवा डॉल्बी करा, आणि एचडीएमआय सीईसी चालू करा म्हणजे एकाच रिमोटवर काम होईल. सेट टॉप बॉक्समध्येपण असंच सेटिंग असतं. ओटीटीवर ऑडिओची भाषा निवडताना पुढं ५.१ लिहिलंय का ते बघा, तोच सिनेमा एका भाषेत ५.१ आणि दुसऱ्या भाषेत स्टिरिओ असू शकतो. जुन्या टीव्हीला एआरसी नसेल तर ऑप्टिकल वायर, त्यातून साधं डॉल्बी डिजिटल ५.१ व्यवस्थित जातं. फोनवरून ब्लूटूथनं लावलं तर मात्र दोनच चॅनेल येणार.

बऱ्याच मालिका, बातम्या आणि जुने सिनेमे मुळातच स्टिरिओ किंवा मोनो (एकाच चॅनेलचे) असतात. तिथं मागून काही आलं नाही तर बिघाड समजू नका. रिसीव्हरमध्ये डॉल्बी सराउंड किंवा प्रो लॉजिक असा मोड असेल तर तो लावा, तो बोलणं ओढून सेंटरला देतो.

जोडून झाल्यावर रिसीव्हरसोबत आलेला छोटा माइक बसायच्या जागी, कानाच्या उंचीवर ठेवून सेटिंग चालवा, यामाहात त्याला वायपीएओ म्हणतात, डेनॉनच्या बऱ्याच मॉडेलमध्ये ऑडिसी असतं. पंखा, मिक्सर बंद, सगळे गप्प. माइक नसेल तर टेपनं प्रत्येक स्पीकरचं अंतर मोजून भरा, आवाजाला एक फूट जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो आणि ते हिशेबात धरूनच सगळे आवाज एका वेळी कानावर येतात.

ॲटमॉस घ्यायला पाहिजे का?

ॲटमॉस म्हणजे डोक्यावरूनपण आवाज आल्यासारखा वाटायची डॉल्बीची पद्धत. या बजेटमध्ये नको. स्वस्त ॲटमॉसमध्ये वर तोंड केलेले स्पीकर छतावरून आवाज परतवतात, त्याला सपाट आणि फार उंच नसलेलं छत लागतं. शिवाजी पेठेतलं, मंगळवार पेठेतलं जुनं कौलारू घर किंवा वर पत्रा असेल तर तिथं ते होणारच नाही.

जुना, वापरलेला सेट घेऊ का?

स्पीकर जुने घ्यायला हरकत नाही, लाकडी डब्याचे चांगले स्पीकर वीस वर्षं टिकतात. कोनच्या कडेचा फोम बोटानं हलकेच दाबून बघा, आपल्या दमट पावसाळ्यात तो भुगा होतो, रबरी कड असेल तर जास्त टिकते. मल्टिमीटर लावला की ८ ओहमचा स्पीकर ६-७ ओहम दाखवतो, काहीच दाखवत नसेल तर कॉइल गेली. रिसीव्हर जुना घेताना त्याला एआरसी आहे का बघा, २००९ च्या आधीच्याला नसणार, आणि तरी आवडलाच तर निदान ऑप्टिकल इनपुट पाहिजे. मी एकदा घाईत सगळे चॅनेल न तपासता एक घेऊन आलो आणि घरी आल्यावर सेंटरचाच चॅनेल बंद निघाला, त्यामुळं सांगतोय, पाचही वाजवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुकानात ऐकताना काय बघायचं?

दुकानदाराचा स्फोटवाला डेमो ऐकू नका. राजारामपुरीत जावा नाहीतर शाहूपुरीत, आपला पेन ड्राइव्ह घेऊन जावा, त्यात मराठी बोलण्याचा एक सीन, एक ओळखीचं गाणं आणि फुटबॉल मॅचचा एखादा तुकडा असू दे. दोन सेट तुलना करताना आवाज सारखा ठेवायला सांगा, जो जरा मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो आणि तिथंच फसायला होतं. आवाज अगदी कमी करून बोलणं समजतंय का ते बघा. घरातल्या ज्येष्ठांना सोबत न्या, त्यांच्या कानाला काय पटतंय ते तुमच्या कानाला कळणार नाही.

सेट चालू केला की घूंऽऽ असा आवाज येतो.

केबलची किंवा डिशची वायर बॉक्समधून काढून बघा. आवाज थांबला तर अर्थिंगचा प्रश्न आहे, टीव्ही, बॉक्स आणि रिसीव्हर एकाच बोर्डवर घ्या आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढून ठेवा. नदीकडच्या सखल भागात राहत असाल तर २०१९ आणि २०२१ चा महापूर बघितलाच आहे, तळमजल्यावर सबवूफर आणि रिसीव्हर जमिनीवर ठेवू नका आणि वायरींना खुणा करून ठेवा म्हणजे पटकन सोडवून वर नेता येतात.

रात्री सगळे झोपल्यावर बघायचं असेल तर?

रिसीव्हरमध्ये आणि बहुतेक साउंडबारमध्ये नाइट मोड असतो, काही ठिकाणी त्याला डायनॅमिक रेंज किंवा डीआरसी म्हणतात. तो मोठा आवाज दाबतो आणि हळू आवाज वर आणतो. त्यासोबत सेंटर २-३ डेसिबल वाढवा आणि सबवूफर पार कमी करा, कारण भिंतीतून शेजारी जातो तो बासच. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. एकदा आवाज लावून स्वतः दाराबाहेर जिन्यात जाऊन उभं राहा, तिथं बोलणं समजत असेल तर दोन पॉइंट अजून कमी करा.